फॉरमॅट मारण्याआधी...

तर झालं असं. माझी पहिली नोकरी, बोईसरच्या एमआयडीसीतला एक कारखाना, काम कॉम्प्युटर सपोर्टचं. एका सकाळी डिस्पॅचचा पीसी सुरू व्हायला वीस मिनिटं लागली. बाहेर ट्रक उभे, चलन निघेना. साहेब म्हणाले, "फॉरमॅट मारून टाक!" स्टोअरच्या काकांचा चेहरा उतरला. चार वर्षांच्या नोंदी त्यातच, आणि बॅकअप शून्य.

मी पेनड्राइव्हवरून 'ऑटोरन्स' चालवलं. विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं, त्याची यादी ते दाखवतं. टेम्प फोल्डरमधून सुरू होणारी एक अनोळखी एन्ट्री दिसली. तिची टिक काढली, रीस्टार्ट केलं... चलन निघालं! (बॅकअप त्याच दुपारी घेतला.)

संध्याकाळी पालघरला परतताना या टूलचं मूळ शोधलं. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल या दोघांनी १९९६ मध्ये अशी टूल्स फुकट द्यायला सुरुवात केली. तेच पुढे 'सिसइंटर्नल्स' झालं. मायक्रोसॉफ्टबाहेर राहून त्यांनी विंडोजचं पोट उघडून दाखवलं. २००५ मध्ये रसिनोविचला स्वतःच्याच पीसीवर सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीने लपवलेलं रूटकिट सापडलं. बोंबाबोंब झाली, कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच या दोघांची कंपनी विकत घेतली. टूल्स मात्र आजही फुकट आहेत.

असो. आता कुणी "फॉरमॅट मार" म्हटलं, की मी आधी पाच मिनिटं मागून घेतो. काकांचा तो चेहरा आठवतो ना!