समुपदेशनातले स्वयंसेवक

मनाच्या दुखण्यात डॉक्टर नसलेल्या, पण रीतसर शिकून घेतलेल्या माणसाने मदत करावी, ही पद्धत महाराष्ट्रात गेल्या तीन-चार दशकांतली आहे. त्याआधी सातारा जिल्ह्यातल्या पाटणसारख्या डोंगरी तालुक्यात दोनच वाटा होत्या. जवळची वाट देवऋषाकडे जाई. दूरची वाट मनोरुग्णालयाची: कऱ्हाडमार्गे पुण्याला येरवड्यात, नाहीतर कुंभार्ली घाट उतरून चिपळूणवरून रत्नागिरीला. रत्नागिरीचे रुग्णालय १८८६ सालचे. पण झोप लागत नाही, कशात जीव रमत नाही, एवढ्यासाठी तिथवर कोण जाणार?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने हाच तालुका हादरला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, हजारोंची घरे पडली. घरे पुन्हा उभी राहिली. माणसे मनाने किती सावरली, हे मोजण्याची सोय नव्हती. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमच मुळी १९८२ मध्ये आला आणि जिल्हा पातळीवरची योजना १९९६ मध्ये.

साताऱ्यात या कामाची सुरुवात वेगळ्याच दाराने झाली. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि कार्यकर्त्यांना भानामतीच्या तक्रारींवर जावे लागू लागले. अचानक कपडे पेटतात, अन्नात घाण पडते, डोळ्यांतून खडे निघतात. कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलत. हे प्रकार घडवणारी व्यक्ती बहुधा घरातलीच आणि कसल्यातरी कोंडमाऱ्यात असे. तिचे नाव चारचौघांत फोडायचे नाही, हा समितीचा दंडक होता. गुप्तता, न दुखावता ऐकणे, गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवणे: समुपदेशनाची मूळ तत्त्वे ती हीच. चमत्काराचा पर्दाफाश लोकांच्या लक्षात राहतो, पण त्या घरासाठी मोलाचे असे ते हे नाव झाकणेच.

साताऱ्यातल्या ‘परिवर्तन’ संस्थेचे व्यसनमुक्तीचे काम याच परिवारातले. पुढे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित ‘मानसमित्र’ तयार केले. २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेल्या ‘मनोबल’ हेल्पलाइनवर हेच मानसमित्र फोन घेत होते.

शहरांत ओघ निराळा होता. लंडनमध्ये १९५३ साली सुरू झालेल्या ‘समॅरिटन्स’ने आत्महत्येच्या विचारातल्या माणसाशी स्वयंसेवकाने फोनवर बोलण्याचा पायंडा पाडला. पुण्यात २००५ पासून ‘कनेक्टिंग’ ही संस्था ते काम करते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तिथेही स्वयंसेवकांना मोठे स्थान मिळाले.

बिगरडॉक्टर माणसाच्या बोलण्याने खरेच गुण येतो का? याचे एक भक्कम उत्तर गोव्याने दिले. ‘संगाथ’ संस्थेने २४ दवाखान्यांत घेतलेल्या ‘मानस’ चाचणीत, आरोग्यक्षेत्राचा अनुभव नसलेल्या स्त्रियांना सुमारे दोन महिने शिकवून समुपदेशक म्हणून नेमले होते. २०१० मध्ये निष्कर्ष आले. असे समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत निदान झालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेले.

या दोन्ही ठिकाणी समुपदेशक पगारी होते. पूर्ण बिनपगारी प्रयोग नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ मध्ये तिथे ‘आत्मीयता’ सुरू केले. गावातले ‘मित्र’ खचलेला माणूस हेरत. ‘चॅम्पियन’ त्याच्याशी चार-सहा वेळा बसून बोलत. बेकारी, नवऱ्याचे दारूपान, घरातली मारहाण यांवरच्या छोट्या फिल्म मोबाइलवर दाखवत, रखडलेल्या सरकारी योजनेसाठीही मदत करत. हा भाग किरकोळ नव्हे. पेन्शन अडलेल्या म्हातारीला नुसते ‘चिंता करू नका’ सांगून भागत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने उपचार मिळणे हा हक्क ठरवला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. आशासेविकांच्या कामातही मनाची विचारपूस आली, तीही तुटपुंज्या मोबदल्यावर. स्वयंसेवकांवर विसंबून सरकारने डॉक्टरांची पदे रिकामी ठेवावीत, असा अर्थ वरच्या कोणत्याच प्रयोगातून निघत नाही. तीव्र आजाराला औषध लागते आणि मानसमित्राने रुग्ण पाठवायचा तर पुढे कोणीतरी बसलेले असावे लागते.

जुलै २०२१ मध्ये, भूकंप सोसलेल्या त्याच पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. त्यानंतर सव्वा वर्षाने, १० ऑक्टोबर २०२२ रोजी, अशा आघातानंतर मनाच्या आधारासाठी फोन करता येईल अशी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य मिळते.