वाळूज, १९८५ आणि बॅटरीचे वार्धक्य

१/ १९८५. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी लिथियम-आयन बॅटरीचा व्यवहार्य नमुना सिद्ध केला. तेव्हा या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता.

२/ १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. ऑक्टोबर २०१९ मध्ये योशिनो, गुडइनफ आणि व्हिटिंगहॅम यांना नोबेल जाहीर झाले. त्याच महिन्यात बजाजने विजेवरची ‘चेतक’ सादर केली.

३/ ही बॅटरी नुसती ठेवली तरी म्हातारी होते. ऋणाग्रावर पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ थर साचतो. तो रक्षण करतो, पण वाढताना लिथियम गिळतो आणि क्षमता घटते. उष्णता व दीर्घकाळ पूर्ण चार्ज यांनी ऱ्हासाला वेग येतो.

४/ म्हणून मराठवाड्याच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात गाडी सावलीत लावावी. तापलेली बॅटरी निवल्यावरच चार्ज करावी. रोज शक्यतो २० ते ८० टक्के राखावे. महिनाभर गावी जाताना निम्मी भरून ठेवावी.

५/ जुनी ई-दुचाकी घेताना केवळ किलोमीटर पाहू नयेत. तिने किती उन्हाळे सोसले, हेही विचारावे.