‘डॅली एम’ पदकाची कुळकथा

ऑस्ट्रेलियात रग्बी लीगच्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला 1980 पासून ‘डॅली एम’ पदक देतात. हा ‘एम’ म्हणजे हर्बर्ट हेन्री मेसेंजर. 1883 साली सिडनीच्या बाल्मेन भागात जन्मलेला. तान्हेपणी त्याचं पोट सुटलेलं होतं, म्हणून तशीच ढेरी असलेल्या विल्यम बीड डॅली या राजकारण्याच्या आडनावावरून त्याला ‘डॅली’ म्हणू लागले, ते कायमचंच. घरचा धंदा होड्या बांधण्याचा. आजोबा तर पैसे घेऊन शर्यतीत होडी वल्हवणारे नामांकित विजेते. खेळाचा मोबदला घेण्यात या घराला काही वावगं वाटत नव्हतं.

तेव्हा रग्बीचा कारभार पाहणाऱ्या रग्बी युनियनला मात्र ते पाप वाटे. इंग्लंडच्या उत्तरेत खाण आणि गिरणी कामगार खेळत. सामन्यासाठी कामावर खाडा झाला की मजुरी बुडायची, आणि ती भरून देण्याला युनियनचा सक्त नकार होता. म्हणून 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली; तीच पुढे रग्बी लीग झाली. पंधराचे तेरा खेळाडू झाले ते पुढे, 1906 मध्ये.

सिडनीत तेच दुखणं होतं. ॲलेक्स बर्डन हा खेळाडू जायबंदी झाला, कमाई थांबली आणि भरपाई मिळाली नाही. आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक असलेला व्हिक्टर ट्रंपर, आयोजक जेम्स गिल्टिनन आणि हेन्री हॉयल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये नवी लीग उभी केली. पण गर्दी खेचणारा खेळाडू हवा होता, आणि तो एकच होता. मेसेंजरच्या आईची संमती घेऊन गिल्टिननने त्याला वळवलं असं सांगतात.

17 ऑगस्टला मेसेंजर न्यूझीलंडच्या व्यावसायिक संघाविरुद्ध उतरला, तो सामना बघायला सुमारे 20,000 लोक आले. गंमत अशी की, उत्तरेची नियमावली हाताशी नसल्याने सामना युनियनच्याच नियमांनी झाला! युनियनने मेसेंजरला बाहेर काढलं. तो त्याच न्यूझीलंड संघाबरोबर इंग्लंडला गेला, 1908-09 च्या दौऱ्यावर ऑस्ट्रेलियाकडून खेळला, आणि ईस्टर्न सबर्ब्स या क्लबकडून 1911 ते 1913 अशी सलग तीन विजेतेपदं मिळवून थांबला. लांबून, कोणत्याही कोनातून चेंडू गोलखांबांमधून धाडण्यात त्याचा हात, नव्हे पाय, धरणारा कुणी नव्हता.

माझ्या मते मेसेंजरचं खरं मोठेपण गुणांत नाही. चांगलं नाव पणाला लावून, हातावर पोट असलेल्यांच्या बाजूला तो उभा राहिला. तो गेला नसता तर ती लीग कदाचित पहिल्या हंगामातच कोलमडली असती.

1959 मध्ये तो वारला. खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला रग्बी युनियनने मान्यता दिली ती 1995 च्या ऑगस्टमध्ये, हडर्सफील्डच्या बैठकीनंतर शंभर वर्षांनी.