घरगुती इन्व्हर्टर आणि यूपीएस : बॅटरीचे गणित व निगा

वीजपुरवठा खंडित होताच बॅटरीत साठवलेल्या ऊर्जेवर घरातील उपकरणे चालू ठेवणारी यंत्रणा आज शहरांत आणि खेड्यांत सारखीच परिचयाची आहे. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत अनेक ग्रामीण भागांत दिवसाचे १० ते १२ तास भारनियमन होत असे. त्या काळात इन्व्हर्टर ही चैनीची वस्तू न राहता गरजेची झाली. पुढे ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशातील वीजजाळे लागोपाठ दोनदा कोसळले. दुसऱ्या दिवशीच्या बिघाडात उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात वीज नव्हती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, एरवी अखंड विजेची सवय असलेल्या मुंबई महानगरातही काही तास व्यवहार ठप्प झाले. विजेची देशव्यापी तूट आता नगण्य उरली आहे. तथापि वादळात तुटलेली तार, जळालेले रोहित्र किंवा देखभालीसाठी बंद ठेवलेली वाहिनी यांमुळे वीज जाण्याचे प्रसंग संपलेले नाहीत.

ही यंत्रणा विकत घेताना बहुतेक ग्राहक इन्व्हर्टरवर छापलेला ९०० किंवा ११०० हा आकडा पाहून निर्णय घेतात. हा आकडा एका वेळी किती उपकरणे चालतील एवढेच सांगतो. ती किती वेळ चालतील, हे ठरवणारी वस्तू बॅटरी होय आणि तिच्याविषयीची चौकशी बहुधा शेवटी, किंमत ठरल्यावर होते.

यूपीएस आणि इन्व्हर्टर यांतील भेद

बॅटरीतून मिळणारा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डीसी असतो. घरातील उपकरणांना २३० व्होल्ट दाबाचा आणि सेकंदाला ५० आवर्तने करणारा एसी प्रवाह लागतो. हे रूपांतर करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. वीज असताना ते बॅटरी भारित करीत राहते आणि वीज जाताच घरातील ठरावीक मंडल बॅटरीवर वळवते. संगणकाच्या शेजारी ठेवली जाणारी यूपीएसची लहान पेटी हेच काम करते, मात्र अधिक चपळाईने. तिचा बदल सुमारे १० मिलिसेकंदांत होतो आणि तेवढा वेळ संगणकाच्या पॉवर सप्लायमधील साठा पुरतो, म्हणून पडदा विझत नाही. घरगुती इन्व्हर्टरला याहून अधिक वेळ लागू शकतो. पंख्याला त्याची जाणीव होत नाही. संगणक मात्र पुन्हा सुरू होतो. अनेक इन्व्हर्टरांच्या मागील बाजूस यूपीएस अशी खूण असलेला खटका असतो. तो योग्य बाजूला केल्यास ही अडचण बहुतेक वेळा दूर होते, तरीही खरेदीनंतर वर्षानुवर्षे त्या खटक्याला कोणी हात लावलेला नसतो.

संगणकाच्या लहान यूपीएसकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. ६०० व्होल्ट-अँपिअरच्या पेटीत साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची एकच बंद बॅटरी असते. काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी लागणारी १०-१५ मिनिटे मिळवून देणे, एवढाच तिचा हेतू आहे. लेझर प्रिंटर तिला कदापि जोडू नये. कागदावर शाई पक्की करणारा त्याचा तापक क्षणात एवढी वीज ओढतो की यूपीएस बंद पडते.

स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा प्रवाह देतात. त्यावर पंखा घरघरतो, चोक असलेली जुनी ट्यूबलाइट गुणगुणते आणि मोटार असलेली उपकरणे अधिक तापतात. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर महाग असला तरी संगणक, दूरचित्रवाणी संच आणि वैद्यकीय उपकरणे असलेल्या घरात दुसरा प्रकार घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

किती वेळ चालेल?

बाजारात सर्वाधिक खपणारी बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेची असते. या दोन आकड्यांचा गुणाकार १८०० वॅट-तास. समजा, एका घरात प्रत्येकी ७५ वॅटचे ३ पंखे, ९ वॅटचे ४ एलईडी दिवे, ८० वॅटचा दूरचित्रवाणी संच आणि १० वॅटचा इंटरनेट राउटर एकाच वेळी चालू आहेत. एकूण भार ३५१ वॅट झाला. साध्या भागाकाराने उत्तर ५ तासांहून थोडे अधिक येते आणि विक्रेताही बहुधा हेच उत्तर देतो. प्रत्यक्षात घर सव्वातीन तासांतच अंधारात जाते.

या तफावतीची कारणे दोन आहेत. पहिले असे की, डीसीचा एसी करताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ८० टक्के कार्यक्षमता धरल्यास १८०० पैकी १४४० वॅट-तासच उपकरणांपर्यंत पोचू शकतात. दुसरे कारण कमी परिचयाचे आहे. बॅटरीवर लिहिलेली १५० अँपिअर-तास क्षमता ही ती २० तासांत, म्हणजे ताशी साडेसात अँपिअर इतक्या सावकाश रिकामी केली असता मिळणारी असते. आपल्या उदाहरणात बॅटरीतून ३६ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जात आहे. शिसे-आम्ल बॅटरी जितक्या घाईने रिकामी करावी, तितकी एकूण ऊर्जा ती कमी देते. विल्हेल्म प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हा संबंध सूत्रबद्ध केला. अशा भाराखाली बॅटरीतून छापील क्षमतेच्या सुमारे ८० टक्केच हाती लागतात. १४४० चे ८० टक्के म्हणजे सुमारे ११५० वॅट-तास. त्यास ३५१ ने भागावे.

हेच गणित उलट बाजूनेही उपयोगी पडते. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसवल्यास भार २१६ वॅटवर येतो आणि तीच बॅटरी ५ तासांच्या पुढे जाते. दुसरी बॅटरी विकत घेण्यापूर्वी पंखे बदलण्याचा विचार करावा. त्याचा लाभ वीज असतानाही मिळतो.

रिकामी झालेली बॅटरी भरण्यास लागणारा वेळही ध्यानात घेतला पाहिजे. क्षमतेच्या सुमारे दहाव्या भागाइतका, म्हणजे १५ अँपिअरचा भारण-प्रवाह धरला तर १५० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरण्यास १० ते १२ तास लागतात. सकाळ-संध्याकाळ वीज जात असेल आणि मधला अवधी अपुरा असेल, तर बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि तिची क्षमता कायमची घटते.

काय जोडावे आणि काय जोडू नये

गीझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी, वातानुकूलन यंत्र ही साध्या घरगुती इन्व्हर्टरची कामे नव्हेत. फ्रीजच्या कॉम्प्रेसरला सुरू होताना चालू अवस्थेच्या कित्येक पट प्रवाह लागतो, त्यामुळे लहान इन्व्हर्टर त्यावर बंद पडतो. तसे करण्याची सहसा गरजही नसते. दार न उघडलेला फ्रीज सुमारे ४ तास पुरेसा थंड राहतो. घरात इन्सुलिनचा साठा असल्यास वीज जाताच फ्रीज वारंवार न उघडणे हाच पहिला उपाय आहे.

केवळ इंटरनेट चालू ठेवायचे असेल, तर संपूर्ण घराचा इन्व्हर्टर राबवणे हे राईचा पर्वत करण्यासारखे आहे. राउटर मुळात १२ व्होल्ट डीसीवर चालतो. त्यासाठी मिळणारी लिथियम घटांची छोटी डीसी यूपीएस एसीचा वळसा टाळते आणि राउटर काही तास चालवते.

वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत अंदाजाला जागा नाही. २०२१ मधील करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायू संहतक, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, अनेक घरांत पोचले. मिनिटाला ५ लिटर प्राणवायू देणारे यंत्र साधारण ३०० ते ४०० वॅट वीज घेते. याचा अर्थ, वर हिशेब केलेली संपूर्ण बॅटरी त्या एकट्या यंत्राला सुमारे ३ तास पुरेल, तीही नवी आणि पूर्ण भरलेली असल्यास. तीन वर्षे वापरलेली बॅटरी किती वेळ टिकते, हे गरजेच्या रात्री कळण्याऐवजी दिवसा वीज असताना मेन स्विच बंद करून आणि यंत्राऐवजी तेवढाच दुसरा भार जोडून घड्याळ लावून मोजावे. अशा रुग्णाच्या घरी वीज न लागणारे प्राणवायूचे सिलिंडर बॅटरीखेरीज हाताशी असणे आवश्यक आहे.

छतावर सौर पॅनेल बसवलेल्या घरांत एक गैरसमज आढळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेनंतर अशा घरांची संख्या वाढली आहे. वीजजाळ्याशी जोडलेली आणि बॅटरी नसलेली सौर यंत्रणा वीज जाताच, लख्ख उन्हातही, आपोआप बंद होते. वाहिनीवर दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ती तशीच रचलेली असते. वीज गेल्यावरही सौरऊर्जा हवी असल्यास बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

जागा, पाणी आणि सुरक्षितता

शिसे-आम्ल बॅटरीत सौम्य गंधकाम्ल असते आणि भारित होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात, देवघराच्या समईजवळ किंवा स्वयंपाकाच्या गॅसशेजारी ठेवू नये. १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोहून जड असते. एकदा ठेवली की ती कोणी हलवत नाही, तेव्हा जागा आधीच विचारपूर्वक ठरवावी. उष्णता हा बॅटरीचा दुसरा शत्रू. तापमान २५ अंशांच्या वर गेल्यास प्रत्येक १० अंशांमागे तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली बॅटरी लवकर का जाते, याचे उत्तर यातच आहे.

दर दोन-तीन महिन्यांनी पातळी पाहून केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे. नळाच्या किंवा घरगुती शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांना बाधक ठरतात. आम्ल स्वतः कधीही घालू नये. हातमोजे आणि चष्मा वापरावा. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास बराच वेळ भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. वीज क्वचितच जाते अशा घरात महिन्यातून एकदा भार बॅटरीवर मुद्दाम चालवावा.

जोडणी परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावी. मेन स्विच बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या मंडलात २३० व्होल्टची वीज असते. मेन बंद आहे या भरवशावर दिव्याचा होल्डर उघडणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून दुरुस्तीपूर्वी इन्व्हर्टरही बंद करावा आणि त्याची जोडणी सोडवावी. इन्व्हर्टर किंवा जनरेटरची तार थेट भिंतीतील सॉकेटमध्ये खुपसण्याचा प्रकार तर कधीच करू नये. ही वीज उलट दिशेने वाहिनीत जाते, आणि खांबावर चढलेल्या वायरमनला ती मृत वाटत असते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आता घरगुती बाजारात आल्या आहेत. त्यांना पाणी लागत नाही, त्या हलक्या असतात आणि भारण-विसर्जनाची कित्येक पट अधिक आवर्तने सहन करतात. किंमत जास्त आहे. जुन्या इन्व्हर्टरला त्या जोडण्यापूर्वी त्याची भारणपद्धती लिथियमला जुळते का, हे उत्पादकाकडून खात्रीपूर्वक जाणून घ्यावे.

निकामी झालेली शिसे-आम्ल बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. उघड्यावर शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांतून त्याची धूळ आणि धूर वस्तीत पसरतात व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्यामुळे कायमची हानी पोचते. ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे परत करता येते. तिच्यापोटी वजा झालेली रक्कम बिलावर वेगळी लिहून घ्यावी.