चावणाऱ्या बुटांचा इतिहास

दिवाळीला नवे जोडे घ्यावेत ही आपल्याकडची जुनी चाल, आणि ते जोडे भाऊबीजेपर्यंत पायाला चावावेत हीही तितकीच जुनी. कोरी कोल्हापुरी वहाण घरी आली, की वडीलधारी माणसे ती तेल चोळून ठेवायला सांगतात. चार दिवस टाचेला फोड येतात, पाचव्या दिवशी वहाण कुरकुरत का होईना, पायाची होते. चामडे हट्टी असले तरी शेवटी माणसाचे ऐकते. हा गुण किती मोलाचा आहे, हे एका धंद्याला कळले ते चामडे टाकून दिल्यावर. आणि तेही थेट बर्फावर.

युरोपात आल्प्सच्या उतारांवर दोन लांब फळ्या पायांना बांधून घसरत जाण्याचा खेळ आहे, त्याला स्की म्हणतात. या खेळात बुटाचे काम पाय झाकण्यापुरते नसते. फळीची कड बर्फात रोवायची, वळण घ्यायचे, थांबायचे, हे सारे हुकूम नडगीपासून फळीपर्यंत बुटातूनच जायचे. मधला निरोप्या ढिला असला, तर हुकूम पोचेपर्यंत माणूस झाडावर आदळलेला असतो! म्हणून जाड चामड्याचे बूट शिवत. आत एक मऊ बूट, बाहेर एक ताठ बूट, आणि दोहोंच्या नाड्या वेगळ्या. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी त्या नाड्या आवळणे म्हणजे एक व्रतच होते. इटलीत डोलोमाइट पर्वतांच्या पायथ्याशी माँतेबेल्लुना नावाचे गाव आहे. तेथल्या कारागिरांनी डोंगरी बूट शिवण्यात नाव कमावले होते. परंतु बर्फाच्या पाण्यापुढे त्यांचाही इलाज चालत नसे. सकाळी ताठ असलेला बूट संध्याकाळपर्यंत मऊ पडायचा. १९५५च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या हेंके कंपनीने नाड्या काढून धातूचे चाप बसवले. नाड्यांचे व्रत सुटले, चामडे मात्र तेच राहिले.

गंमत अशी, की चामड्याला हद्दपार करणारा माणूस आल्प्समधला नव्हताच. अमेरिकेत आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी डब्यूक नावाचे शहर आहे. तेथे बॉब लँग हा प्लास्टिकचा व्यवसाय करणारा गृहस्थ राहत असे. स्की शिकताना बुटांनी त्याला जेरीस आणले. आपण अशा वेळी दुकानदाराशी भांडलो असतो. त्याने १९४०च्या दशकाच्या अखेरीस काचतंतू आणि राळ वापरून बूट ताठ करण्याचे प्रयोग आरंभले. पुढे त्याने संबंध बूटच प्लास्टिकचा करून पाहिला. पहिले प्लास्टिक कडाक्याच्या थंडीत तडकले. शेवटी ड्यूपाँ कंपनीचे पॉलियुरेथेन जातीचे द्रव्य त्याच्या हाती लागले. थंडीत न तडकणारे, पाणी न पिणारे, आणि सकाळइतकेच संध्याकाळीही ताठ. १९६०च्या दशकाच्या मध्यावर हे बूट बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत शर्यतींत दिसू लागले. पुढे माँतेबेल्लुनानेही आरी बाजूला ठेवून साचे उचलले, आणि तेच गाव प्लास्टिकच्या स्की-बुटांचे जगातले मोठे केंद्र झाले.

आता पायाकडे पाहू. चामड्याच्या बुटात घोटा मोडण्याची भीती असे. उंच ताठ कवचाने आणि वेळेवर सुटणाऱ्या बंधनांनी ती पुष्कळच कमी केली. परंतु धक्का नाहीसा होत नाही, तो वर सरकतो. पुढच्या काळात गुडघ्याचे स्नायुबंध तुटण्याचे प्रमाण वाढले. शिवाय नडगीवर कवचाची कड आदळून जे काळेनिळे वळ उठत, त्यांना खेळाडूंनी त्या कंपनीचेच नाव देऊन ‘लँग बँग’ म्हणायला सुरुवात केली. कीर्तीचा हा प्रकार कोणत्याही कारखानदाराने मागून घेतला नसता!

जोडे शिवणारा कारागीर पाय पाहून चामडे कापत असे. कारखाना एकदा साचा पाडतो आणि हजारो पायांना त्यात बसायला सांगतो. कवच तर पायाचे ऐकेना. मग ऐकायचे कोणी? आतल्या मऊ बुटाने. १९६०च्या दशकाच्या शेवटापासून दुकानातच गिऱ्हाइकाच्या पायाभोवती फेसाळणारे रसायन ओतण्याची युक्ती निघाली. ते क्षणात फुगून घट्ट होई. पण त्या क्षणी पाय वाकडा असला, तर ती चूकही घट्ट होऊन बसे. १९९०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रायखले कंपनीने गरम केल्यावर मऊ होणाऱ्या फेसाचा आतला बूट काढला. त्याची खुबी ही, की तो पुन्हा तापवता येई आणि चूक दुरुस्त करता येई. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला खरा शहाणपणाचा शोध हाच.

याच सुमारास बर्फावर एक नवी फळी आली होती. दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर, अंग आडवे. तिला स्नोबोर्ड म्हणतात. युरोपातल्या वेगाच्या शौकिनांनी १९८०च्या दशकात तिच्यावरही कडक कवचाचे बूट चढवले. मात्र उड्या आणि कसरती करणाऱ्या तरुणांना मऊ बूट सोयीचे वाटले. बाजार त्यांच्या मागे गेला, आणि कारखान्यांनी एकेक करून कडक बूट काढणे सोडून दिले. शर्यतीत मात्र ते टिकले. १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्ड प्रथम आला. २०१८ साली प्याँगचांगला एस्टर लेडेत्स्का या चेक मुलीने एका आठवड्याच्या अंतराने स्कीवर आणि स्नोबोर्डवर अशी दोन सुवर्णपदके मिळवली.

बनवणारे थोडे उरले, म्हणून या बुटांचे जुने जोड हातोहात फिरतात आणि त्यांची डागडुजी हीच एक विद्या होऊन बसली आहे. जाणकार आधी आतला बूट काढून रिकाम्या कवचात पाय घालायला लावतो. बोटे पुढे टेकली, की टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा उरावी. फार जास्त उरली तर तो जोड सरळ परत करतो, कारण मोठे कवच लहान करण्याची विद्या अजून कोणाला आलेली नाही. घोट्याचे हाड टोचत असेल, तर तेवढाच भाग गरम हवेच्या झोताने तापवून आतून दाबून फुगवतात आणि थंड होईपर्यंत दाब काढत नाहीत. काही ठिकाणी आतून थोडे घासतात. निसटलेल्या चापाचे रिव्हेट कापून स्क्रू बसवतात. तळाच्या झिजलेल्या कडा मात्र माफ करून चालत नाही, कारण फळी त्यांनाच धरून असते. आडवे उभे राहिल्याने पुढचा आणि मागचा घोटा सारखा वाकत नाही, म्हणून एकाच जोडातल्या दोन बुटांचा पुढचा कल निरनिराळा ठेवावा लागतो.

एका रोगावर औषध नाही. पॉलियुरेथेन पाणी पीत नाही असे वर म्हटले खरे, पण हवेतला दमट अंश वर्षानुवर्षे त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो. पेटीत जपून ठेवलेला, वरून कोरा दिसणारा बूटही एखाद्या दिवशी मडक्यासारखा फुटतो. म्हणून जुना जोड घेणारा आधी चापांभोवतीच्या भोकांशी केसासारख्या चिरा शोधतो आणि बनावटीचे साल विचारतो.

चिरा नसल्या, तर राहते शेवटचे काम. आतला बूट भट्टीत तापवतात. त्यात आधीच्या मालकाच्या पायाचा ठसा असतो, तो उष्णतेने पुसला जातो. नवा मालक बोटांवर जागा राखण्यासाठी जाड कापडी टोपी चढवतो, पाय आत सारतो, चाप हलकेच लावतो आणि टाच जमिनीवर आपटून मागे बसवतो. मग काही मिनिटे, बूट गार होईपर्यंत, त्याने हलायचे नाही.