खानदेशातील घरगुती इंधन
खानदेशातील घरगुती इंधन : जळगाव, धुळे व नंदुरबार (१९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग) या जिल्ह्यांतील ग्रामीण कुटुंबांत स्वयंपाकासाठी, अंघोळीचे पाणी तापविण्यासाठी व हिवाळ्यात शेकोटीसाठी वापरले जाणारे जळण. सातपुड्यातील लाकूड, गोवऱ्या, कपाशी व तुरीच्या वाळलेल्या काड्या आणि अलीकडे द्रवरूप वायू हे त्याचे प्रमुख प्रकार होत. ज्वारी-बाजरीची ताटे वैरणीसाठी राखली जातात. चुलीच्या वाट्याला येतात ती धसकटे. रावेर-यावल भागात केळी विपुल, परंतु तिचे पाणीदार खांब जळणाच्या उपयोगाचे नसतात.

सातपुड्याच्या उतारांवर अंजन, धावडा, सालई, खैर इ. वृक्षांची वने होती. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमानुसार वनांचे राखीव व संरक्षित असे वर्गीकरण होऊ लागले आणि लाकूडतोडीवर निर्बंध आले. डोंगराजवळच्या भिल्ल व पावरा वस्त्यांना मोळीचा आधार राहिला, तरी तापीकाठच्या सपाट मुलखातील गावांना लाकूड दुर्मिळ झाले. शेणाची खते करावीत की गोवऱ्या थापाव्यात, हा पेच देशातील इतर वृक्षहीन प्रदेशांप्रमाणे येथेही होता. कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ मधील आपल्या अहवालात, भारतीय शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानामुळे नव्हे, तर लाकडाच्या अभावी, असे मत मांडून इंधन व चाऱ्यासाठी राखीव क्षेत्रे निर्माण करण्याची शिफारस केली. शेतकऱ्याला दोष देण्याच्या त्या काळात हे मत उल्लेखनीय होय.

या पेचातून काही अंशी सुटका केली ती कपाशीने. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले व खानदेशात या पिकाला मोठे महत्त्व आले. वेचणी संपल्यावर उपटलेल्या काड्यांची (पऱ्हाट्यांची) रास अंगणात वा खळ्यावर रचली, की पावसाळ्यापर्यंतची सोय होते. त्या चटकन पेटतात, परंतु निखारा टिकत नाही. म्हणून भाकरीसाठी जोडीला लाकूड किंवा गोवरी लागते. वांग्याच्या भरितासाठी मात्र याच काड्यांचा जाळ पसंत केला जातो आणि जाणकारांना तो चवीवरून ओळखू येतो.

परंतु ही रास निर्धोक नाही. काड्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळीच्या अळ्या सुप्तावस्थेत राहतात व पुढील हंगामात त्यांचे पतंग नव्या पिकावर जातात. म्हणून शेत वेळेवर मोकळे करून काड्या साठवू नयेत, असे कृषितज्ज्ञ सांगतात. २०१७ च्या हंगामात राज्यात या किडीचा मोठा प्रादुर्भाव झाल्यावर या सल्ल्याला धार आली. ज्या घरी दुसरे जळण नाही, तेथे तो पाळणे म्हणजे वर्षाची चूल बंद ठेवणे होय, ही त्यातील अडचण.

खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर प्रसार केलेल्या गोबर वायू संयंत्राने शेणाचा वायू व खत असा दुहेरी उपयोग शक्य झाला. त्यासाठी राष्ट्रीय प्रकल्प १९८१-८२ पासून सुरू झाला. दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्राला रोज सु. ५० किग्रॅ. शेण व जवळपास तेवढेच पाणी लागते. म्हणजे चार-पाच गुरे असणाऱ्यालाच ते परवडते. थंडीत वायुनिर्मिती घटते, उन्हाळ्यात पाणी अपुरे पडते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे वायुजोडण्या दिल्या. धुराचा त्रास मुख्यतः स्त्रियांनाच होत असल्याने हा बदल महत्त्वाचा आहे. तथापि सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च जड वाटतो, त्या घरी चहा-भाजी वायूवर आणि भाकरी व अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी झालेली दिसते.

अलीकडे ट्रॅक्टरचलित यंत्राने काड्यांचा भुगा करून तो जमिनीत मिसळतात किंवा त्यापासून कारखान्यांच्या बाष्पित्रांसाठी कांड्या (पांढरा कोळसा) बनवितात. जमिनीच्या दृष्टीने पहिला उपाय हिताचा आहे. मात्र शेत साफ करण्याच्या मोबदल्यात काड्या घरी नेण्याची मुभा जेथे भूमिहीन मजुरांना मिळत असे, तेथे त्यांचे हे फुकटचे जळण त्यामुळे संपते.