हाजींची आगबोट : निष्ठा, निवड आणि मक्तेदारी

रमजान ईद उलटली की खानदेशात भुसावळ, जळगाव, धुळे, चोपडा, रावेर अशा गावांतून हजला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. त्याच्या बऱ्याच आधी, फॉर्म भरण्याच्या वेळीच, प्रत्येक घरात एक प्रश्न येऊन गेलेला असतो. हज कमिटीतून जायचे की टूरवाल्याकडून? टूरवाल्याकडून जायचे तर कोणाच्या? घरातले वडीलधारे ज्याच्याबरोबर गेले होते त्याच्याच, की यंदा दुसरा पाहायचा? ‘आपला नेहमीचा माणूस आहे’ हे एका बाजूचे म्हणणे. ‘दुसरा कमी पैशांत नेतोय’ हे दुसऱ्या बाजूचे.

हा प्रश्न विमानाच्या काळातला वाटतो, पण तो जहाजांइतका जुना आहे. कोणाच्या जहाजात बसायचे, एकाशीच बांधून राहायचे की बदलायचे, हे मुघल बादशहापासून डेकवर चटई टाकून झोपणाऱ्या गरीब हाजीपर्यंत सर्वांना ठरवावे लागले. अनेकदा ते त्यांच्या वतीने दुसऱ्यानेच ठरवले. तो इतिहास समजून घेतला तर हजवरच्या आजच्या चर्चेतल्या काही गैरसमजांचाही निकाल लागतो.

तापीच्या काठाने मक्केकडे

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला तापीचे पाणी मिळते. हीच तापी खानदेश ओलांडून सुरतेला समुद्राला मिळते. मुघल काळात सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा रस्ता खानदेशातून जात असे. चोपडा, थाळनेर, नंदुरबार, नवापूर ही त्यावरची मुक्कामाची गावे. सतराव्या शतकात इंग्रज वकील टॉमस रो आणि फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याच वाटेने गेले. हिंदुस्थानच्या अंतर्भागातून सुरतेकडे निघालेल्या हाजींचे काफिलेही याच वाटेचे. म्हणजे हजच्या सागरी इतिहासात खानदेश हा काठावरचा प्रेक्षक नव्हता, तो रस्त्यातच होता.

मात्र सुरतेपुढचा समुद्र मुघलांचा नव्हता. अरबी समुद्रात जहाज हाकायचे तर पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, घ्यावा लागे. त्यावर मरियम आणि येशूचे चित्र असे. जमिनीची वाट सफवी इराणमधून जाई. दोन्ही वाटा अशा असल्यामुळे हजची सक्तीच उरत नाही, असा फतवा अकबराच्या काळात मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी दिल्याची नोंद आहे. लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. खुद्द अकबराची आत्या गुलबदन बेगम 1576 मध्ये ‘सलीमी’ या जहाजातून सुरतेहून हजला गेली. त्याआधी पोर्तुगीज परवान्यासाठी तिला सुरतेत दीर्घकाळ ताटकळावे लागले होते.

1613 मध्ये पोर्तुगीजांनी ‘रहीमी’ हे जहाज पकडून नेले. हे जहाज जहांगीरची आई मरियम-उझ-जमानी हिच्या मालकीचे होते आणि त्याच्याकडे परवाना होता. परवान्याचे पैसे घ्यायचे आणि जहाजही पकडायचे, हे जहांगीरला सहन होण्यासारखे नव्हते. त्याने दमणला वेढा घातला, पोर्तुगीजांशी व्यवहार तोडला आणि सुरतेत इंग्रजांना पाय रोवायला जागा दिली. आजच्या भाषेत सांगायचे तर बादशहाने कंपनी बदलली.

पण नवी कंपनीही दूधखुळी नव्हती. 1695 मध्ये हाजींना घेऊन परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. जहाजावरच्या स्त्रियांवर अत्याचार झाले. खाफी खानाने ही हकीकत लिहून ठेवली आहे. औरंगजेबाने मात्र आजोबांसारखे केवळ एकाला काढून दुसऱ्याला आणले नाही. त्याने सुरतेतल्या इंग्रजांना कैदेत टाकले आणि इंग्रज, डच, फ्रेंच या तिघांवरही हाजींच्या जहाजांना संरक्षण देण्याची जबाबदारी टाकली. ‘येथे व्यापार करायचा असेल तर आमच्या प्रवाशांची हमी घ्या’ असे हे धोरण. कंपनी बदलण्यापेक्षा कंपनीवर अट घालणे जास्त उपयोगी ठरते, हे येथे पहिल्यांदा दिसते.

निवड भरपूर, भरवसा शून्य

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. सुरतेची जागा मुंबईने घेतली. रेल्वे आली, भुसावळ मोठे जंक्शन झाले आणि खानदेशचा हाजी तापीच्या काठाने जाण्याऐवजी आगगाडीने मुंबईला जाऊ लागला. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर तांबड्या समुद्रात आगबोटींची वर्दळ वाढली. हाजींच्या वाहतुकीत अनेक मालक उतरले.

म्हणजे निवडीला तोटा नव्हता. त्याचा फायदा हाजीला झाला का? नाही. मुंबईला उतरलेल्या खेड्यातल्या माणसाला बोट कुठली, मालक कोण, ती सुटणार कधी, यातले काही कळत नसे. कळत असे ते दलालाला. दलाल ज्या बोटीवर नेईल तीच त्याची निवड. परवानगीपेक्षा जास्त माणसे कोंबणे, बोट भरेपर्यंत ताटकळत ठेवणे, पाणी अपुरे, आजार फैलावलेला, अशा तक्रारींनी त्या काळचे सरकारी कागद भरले आहेत. 1882 पासून कामरान बेटावरच्या क्वारंटाइनची भर पडली.

या काळातली सर्वांत कुप्रसिद्ध घटना 1880 ची. ‘जेद्दाह’ नावाची आगबोट सिंगापूर-पेनांगहून सुमारे 950 हाजी घेऊन निघाली. वादळात बॉयलर निखळले, पाणी शिरू लागले. 8 ऑगस्टच्या पहाटे कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी हाजींना सोडून होडीतून निघून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना उचलले आणि एडनला पोहोचून त्यांनी ‘बोट बुडाली’ असे सांगितले. प्रत्यक्षात हाजींनी स्वतः पाणी उपसून बोट तरंगती ठेवली होती. ‘अँटेनॉर’ नावाच्या बोटीने ती ओढत एडनला आणली, तेव्हा सगळ्या जगाला सत्य समजले. जोसेफ कॉनराडची ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी याच घटनेवरून सुचलेली आहे.

यातली एक बाब आपण मुसलमानांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही बोट सिंगापूरच्या अल-सगॉफ या अरब घराण्याच्या कंपनीची होती. मालक आपल्या धर्माचा आहे एवढ्याने बोट सुरक्षित होत नाही. ‘आपला माणूस’ हा शब्द तेव्हाही पुरेसा नव्हता.

ब्रिटिश सरकारने मग दुसरे टोक गाठले. 1886 मध्ये हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक या लंडनच्या नामांकित प्रवास कंपनीकडे सोपवली. रेल्वेच्या डब्यापासून जेद्दाहच्या धक्क्यापर्यंत एकच जबाबदार माणूस असावा, ही कल्पना वाईट नव्हती. पण हाजींच्या गर्दीपैकी फारच थोडे लोक कुककडे गेले, दलालांनी आपली जागा सोडली नाही आणि 1893 मध्ये हा करार संपला. जगभर नाव असलेली कंपनी हाजीच्या मनात नाव करू शकली नाही, कारण तिची निवड हाजीने केलेली नव्हती.

परतीच्या तिकिटाची गाठ

यानंतर जे नाव पुढे आले ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होते, मोगल लाइन. मूळ कंपनी ‘बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन’, स्थापना 1877, मुंबई. 1913 मध्ये ती टर्नर मॉरिसन या ब्रिटिश पेढीच्या हाती गेली आणि 1938 मध्ये तिचे अधिकृत नाव ‘मोगल लाइन’ झाले. बोटींची नावे पाहा : अकबर, रहमानी, रिझवानी, अलवी, इस्लामी. व्यवस्थापन गोऱ्या साहेबांचे, नावे मात्र हाजीला घरच्यासारखी वाटावीत अशी.

लोक मोगल लाइनशी निष्ठावान होते असे म्हटले जाते. त्या निष्ठेचा पाया काय होता ते पाहिले पाहिजे. हजनंतर पैसे संपलेले अनेक हाजी जेद्दाहला अडकून पडत आणि त्यांना परत आणण्याचा खर्च सरकारवर येई. परतीचे तिकीट सक्तीचे करावे की नाही यावर कितीतरी वर्षे वाद चालला. गरिबाला हज नाकारण्याचा हा डाव आहे, असे अनेक मुस्लिम नेत्यांचे मत होते. अखेर 1925 च्या कायदादुरुस्तीने परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली.

हेतू हाजीच्या भल्याचा असेल, पण परिणाम दुहेरी झाला. परतीचे तिकीट ज्या कंपनीचे, तिच्याच बोटीची वाट जेद्दाहला पाहायची. आणि जी कंपनी हाजीला परत आणण्याइतक्या बोटी हंगामभर राखू शकते, तिलाच हा धंदा परवडणार. लहान मालक आपोआप बाहेर पडत गेले. हाजी एका कंपनीशी बांधला गेला तो प्रेमाने नव्हे, तिकिटाने. 1929-30 च्या हज चौकशी समितीने देशभर फिरून हाजींच्या अडचणी नोंदवल्या आणि 1932 मध्ये बंदरांसाठी हज कमिट्यांचा कायदा आला. प्रवाशाच्या बाजूने बोलणारी कायदेशीर संस्था उभी राहिली ती अशी.

सिंदिया उतरली तेव्हा

मक्तेदारीला खरा धक्का दिला तो सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी 1919 मध्ये ही स्वदेशी कंपनी काढली. तिची पहिली बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेल्या त्या बोटीचे नाव होते ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा.

ही कंपनी 1937 मध्ये ‘अल मदिना’ ही नवी बोट घेऊन हजच्या वाहतुकीत आली, पाठोपाठ ‘अल हिंद’ आली. मोगल लाइनने भाडे उतरवले, सिंदियानेही उतरवले. भाड्याचे युद्ध पेटले. याच हाजीला आजवर कोणी विचारत नव्हते, आता दोन कंपन्या त्याच्या मागे लागल्या. मुसलमान हाजींनी गुजराती-जैन उद्योगपतीच्या कंपनीतून प्रवास केला आणि त्यात कोणाच्या इमानाला धक्का लागला नाही. हाजीला हवी होती चांगली बोट आणि परवडणारे भाडे.

पण भाड्याच्या युद्धाची दुसरी बाजूही आहे. तीस वर्षांपूर्वी तुतिकोरिनला चिदंबरम पिल्लई यांच्या स्वदेशी बोट कंपनीला ब्रिटिश कंपनीने असेच भाडे पाडून, प्रवाशांना फुकट छत्र्या देऊन जेरीस आणले होते. स्पर्धक संपला की फुकटची छत्रीही संपते. सिंदिया मोठी होती, ती टिकली, पण तिच्या हजच्या बोटी टिकल्या नाहीत. महायुद्धात त्या लष्करी कामाला गेल्या. मार्च 1944 मध्ये ‘अल मदिना’ बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडवली आणि पुढच्याच महिन्यात, 14 एप्रिलला, मुंबई गोदीतल्या स्फोटात ‘अल हिंद’ जळाली. हाजीला मिळालेली खरी निवड जेमतेम दोन-तीन हंगामांची ठरली.

बोट गेली, गाठ राहिली

स्वातंत्र्यानंतर मोगल लाइन सरकारच्या ताब्यात आली आणि 1986 मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. खानदेशचा हाजी रेल्वेने मुंबईला यायचा, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात उतरायचा आणि गोदीतून बोट धरायचा. जागा कमी, अर्ज जास्त, त्यामुळे कुर्रा निघायचा. ज्याचे नाव निघाले त्याने कंपनी कोणती हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. 1995 मध्ये हाजींची बोट कायमची बंद झाली.

विमान आले तरी तीच गाठ राहिली. कमिटीच्या हाजीला विमान कंपनी निवडता येत नव्हती. ठरलेल्या कंपनीचे भाडे आणि हाजीकडून घेतलेली रक्कम यातला फरक सरकार कंपनीला देई. त्यालाच ‘हज सबसिडी’ म्हणत. हा पैसा हाजीच्या हातात कधी पडला नाही, तरी ‘मुसलमानांचे लाड’ म्हणून तो वर्षानुवर्षे गाजवला गेला. 8 मे 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांत ती बंद करायला सांगितले आणि 2018 मध्ये सरकारने ती बंद केली. अनेक मुस्लिम नेत्यांची मागणी आधीपासून हीच होती : सबसिडी नको, खुल्या निविदा काढा. ज्याला एकाच कंपनीचे तिकीट घ्यावे लागते, त्याला सवलत मिळते की त्या कंपनीला, हा साधा प्रश्न टीव्हीवरच्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही.

या चारशे वर्षांत हाजीने दोन्ही टोके पाहिली. दलालांच्या काळात बोटी भरपूर होत्या, पण माहिती नव्हती आणि कायद्याचा धाक नव्हता, म्हणून निवड असूनही माणसे मेली. मोगल लाइनच्या काळात शिस्त होती, पण सोडून जाण्याची मोकळीक नव्हती, म्हणून भाडे कंपनी सांगेल ते. नियम आणि निवड एकत्र आले ते फार थोडा काळ, आणि हाजीला भाव आला तो तेव्हाच.

म्हणून टूरवाला बदलावा की नाही, याचे उत्तर ‘नेहमीचा’ आणि ‘स्वस्त’ या दोन शब्दांत सापडणार नाही. त्याची यंदाची सरकारी नोंदणी आहे का, मक्केतली राहण्याची जागा हरमपासून किती दूर, परतीची तारीख लेखी दिली आहे का, हे विचारावे. गेल्या वर्षीचे हाजी आपल्याच मोहल्ल्यात असतात, त्यांना भेटावे. उत्तरे चांगली मिळाली तर जुन्याच माणसाबरोबर खुशाल जावे. ज्याला सोडून जाता येत असूनही आपण राहतो, त्याच्याशी आपली निष्ठा आहे असे म्हणता येईल. बाकी सगळे सक्तीचे परतीचे तिकीट.